घातक कचऱ्याची गाडी भरताय? आधी मॅनिफेस्टच्या सात कॉप्या समजून घ्या

जळगाव एमआयडीसीत चटईचे कारखाने, पाईपवाले, ठिबकचे सुटे भाग करणारे, दाल मिल, चार-पाच माणसांवर चालणारे फॅब्रिकेशनचे शेड, तिकडे धुळ्याला अवधान आणि नरडाण्याला तसंच, आणि या सगळ्यांकडे एक कोपरा सारखाच असतो, शेडच्या मागे भिंतीला टेकून उभे असलेले दोन-चार काळे बॅरल. मशीनचं जुनं हायड्रॉलिक ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल, थिनरचं उरलेलं घाण पाणी, तेलाने माखलेल्या चिंध्या, केमिकलचे रिकामे कॅन. कोणीतरी भंगारवाला येतो, बॅरलमागे रोख पैसे देतो, छोट्या टेम्पोत टाकतो आणि जातो. मालकाला वाटतं जागा पण मोकळी झाली आणि चार पैसे पण आले.

पण भाऊ, कायद्याच्या नजरेत तो बॅरल अजून तुमचाच आहे. तो टेम्पो पुढे गिरणेच्या पुलाखाली रिकामा झाला, वीटभट्टीत जळला, की सेंटरिंगच्या पाट्यांना लावायला विकला गेला, हे तुम्हाला माहीत नसलं तरी विचारणा होते तेव्हा सुरुवात तुमच्यापासून होते. आणि तेव्हा तुम्हाला वाचवणारी एकच गोष्ट असते, कागद. त्यातला मुख्य म्हणजे मॅनिफेस्ट, कचरा कोणी दिला, कोणी नेला आणि कुठे पोचला हे लिहिलेला फॉर्म. म्हणून आज सगळं त्या कागदाबद्दलच लिहितोय, आपल्यासारख्या छोट्या युनिटवाल्यांना समजेल असं, कारण मोठ्या कंपन्यांकडे पर्यावरणाचं काम बघायला वेगळा माणूस असतो, आपल्याकडे तेच काम अकाउंटंट करतो नाहीतर मालकाचा मुलगा.

नियमाचं पूर्ण नाव लांबलचक आहे, घातक व इतर कचरा (व्यवस्थापन आणि सीमापार वाहतूक) नियम, २०१६. केंद्र सरकारने ४ एप्रिल २०१६ ला काढले, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. हा कायदा भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर आला. त्याच भोपाळच्या कारखान्यातला साठून राहिलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये १२ कंटेनरमधून पिथमपूरला हलवला, चाळीस वर्षांनी, आणि तो सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. पिथमपूर म्हणजे शिरपूरवरून आग्रा रोडने सरळ वर गेलं की येणारं इंदूरजवळचं गाव. सांगायचा मुद्दा हा की घातक कचरा जागेवर पडून राहिला तर तो आपोआप कुठे जात नाही, कधीतरी कोणालातरी तो उचलावाच लागतो, आणि जितका उशीर तितका खर्च आणि धोका जास्त.

आता तुमचा कचरा घातक आहे का हे कसं कळणार. नियमांच्या शेवटी याद्या आहेत. पहिल्या यादीत कोणत्या कामातून कोणता कचरा निघतो ते नंबर टाकून दिलंय. वापरलेलं ऑइल म्हणजे ५.१, तेल मिसळलेला गाळ वगैरे ५.२, केमिकलने खराब झालेले रिकामे बॅरल-कॅन-लायनर ३३.१, तेल-केमिकलच्या चिंध्या आणि पुसायचं सामान ३३.२, सांडपाणी शुद्ध करताना खाली बसणारा केमिकलचा गाळ ३५.३. हे नंबर पाठ करायची गरज नाही पण तुमच्याकडे जे चार-पाच प्रकार निघतात त्यांचे नंबर एका कार्डावर लिहून ऑफिसात लावून ठेवा, कारण पुढे प्रत्येक कागदावर हाच नंबर लागतो. ‘काळं ऑइल’ किंवा ‘केमिकल वेस्ट’ असं लिहिलेला कागद म्हणजे न लिहिल्यासारखाच.

मग परवानगी. ज्या युनिटला पाणी आणि हवा कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, म्हणजे बोर्डाचं, कन्सेन्ट (संमतीपत्र) लागतं त्याला घातक कचऱ्याचं ऑथरायझेशन (तो हाताळायची परवानगी) पण लागतं, आणि महाराष्ट्रात बोर्ड सहसा दोन्ही एकाच कागदात देतं. तुमचं कन्सेन्ट काढून बघा, आत एक तक्ता असतो, कोणता कचरा, वर्षाला किती, कुठे पाठवायचा. बरेच जण फक्त पहिलं पान आणि शेवटची तारीख बघतात, तो तक्ता कोणी वाचतच नाही, आणि खरं म्हणजे वाहतुकीच्या कागदात जो काही घोळ होतो त्याची सुरुवात तिथूनच होते. तक्त्यात वापरलेलं ऑइल वर्षाला अर्धा टन लिहिलंय आणि तुम्ही दीड टन पाठवताय, किंवा चिंध्यांचा उल्लेखच नाही आणि तुम्ही गाडीत चिंध्यांच्या गोण्या भरताय, तर पुढचा कागद कितीही सुंदर भरला तरी तो जुळणार नाही. आधी तक्ता दुरुस्त करून घ्या, मग गाडी बोलवा.

ज्यांना कन्सेन्ट लागतच नाही अशा एकदम साध्या उद्योगांसाठी मार्च २०१९ मध्ये एक सवलत आली, त्यांना ऑथरायझेशन पण नको. पण ही सवलत अटीवर आहे, कचरा अधिकृत रिसायकलर, अधिकृत कलेक्टर किंवा अधिकृत विल्हेवाट केंद्रालाच द्यायचा. म्हणजे सवलत परवानगीची आहे, भंगारवाल्याला द्यायची नाही. आणि गॅरेजवाल्यांनी ही सवलत आपल्याला आहे असं परस्पर धरू नये, प्रदूषणानुसार उद्योगांचे रंगांचे गट पाडतात, त्या २०१६ च्या वर्गवारीत गाड्यांचं सर्व्हिसिंग, रिपेअरिंग आणि पेंटिंग हे ऑरेंजमध्ये, म्हणजे कन्सेन्ट लागणाऱ्या गटात टाकलेलं होतं, तेव्हा तुमची कॅटेगरी आज काय आहे ते बोर्डाच्या ऑफिसात एकदा विचारून घ्या.

साठवायची मुदत ९० दिवस. इथे छोट्या लोकांची खरी अडचण आहे, कारण तीन महिन्यांत आपल्याकडे दोनच बॅरल भरतात आणि दोन बॅरलसाठी गाडी यायला कोणी तयार होत नाही. यावर नियमातच वाट आहे. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा निघणाऱ्या छोट्या युनिटला बोर्ड ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. १० टन म्हणजे थोडं नाही, ऑइलमध्ये धरलं तर २०० लिटरचे साधारण ५५ बॅरल होतात, त्यामुळे आपल्यातले बहुतेक जण यात बसतात. पण मुदत आपोआप वाढत नाही, अर्ज करून मागावी लागते, आणि मागितल्याचा कागद जपून ठेवावा लागतो.

आता गाडी येते तेव्हा काय लागतं.

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. आपल्याकडे मालाची गाडी म्हटलं की बिल्टी, चलन, ई-वे बिल, आणि हे असलं की सगळं झालं असं वाटतं. धुळ्यात तर अर्धं गाव ट्रान्सपोर्टमध्ये आहे, कागदाची सवय आहे लोकांना, आणि त्या सवयीमुळेच घोळ होतो. बिल्टी सांगते माल कोणाचा आणि भाडं किती. ई-वे बिल सांगतं टॅक्सचं काय. या दोन्हीत हे कुठेच नाही की बॅरलमध्ये जे आहे ते पेटतं का, अंगावर उडालं तर काय करायचं, आणि ते शेवटी खरंच विल्हेवाट केंद्रात पोचलं का. ते सांगायला तीन वेगळे कागद आहेत, लेबल, इमर्जन्सी कार्ड आणि मॅनिफेस्ट, नियमाच्या भाषेत फॉर्म ८, ९ आणि १०.

लेबलचं थोडक्यात सांगतो. प्रत्येक बॅरलवर, प्रत्येक गोणीवर. झळझळीत पिवळ्या रंगावर, ‘घातक कचरा’ आणि ‘काळजीपूर्वक हाताळा’ हे लाल अक्षरात, हिंदी, इंग्रजी आणि मराठी तिन्हीत. कचऱ्याचा प्रकार, किती आहे, कधीपासून ठेवलाय, घट्ट आहे का पातळ, कशाशी मिसळू द्यायचा नाही, पाठवणारा कोण, घेणारा कोण, अडचण आली तर फोन कोणाला. लेबल पाण्याने जाणारं नको. साध्या कागदावर प्रिंट काढून सेलोटेपने चिकटवलेलं लेबल जुलैच्या पहिल्या पावसात जातं, त्यापेक्षा फ्लेक्सवाल्याकडून व्हिनाईलवर एकदाच छापून घ्या आणि बदलणारी माहिती ऑइल पेंट मार्करने लिहा.

आणि लेबल लावायच्या आधी बॅरल बघा. खान्देशातला मे महिना काय असतो ते भुसावळ-जळगावच्या माणसाला सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या ट्रकमधला पत्रा हात लावू देत नाही. काठोकाठ भरलेला बॅरल त्या उन्हात फुगतो, थिनरसारखं सॉल्व्हंट असेल तर वाफेचा दाब तयार होतो आणि बुचातून गळती सुरू होते. म्हणून वर थोडी जागा सोडायची, बुच-वायसर नवीन टाकायचं, आणि ऑइलच्या बॅरलमध्ये थिनर कधीच ओतायचं नाही. थिनर मिसळलं की ते ऑइल रिसायकल करणाराच नाकारतो, आणि जे विकलं गेलं असतं ते जाळायला पैसे देऊन पाठवावं लागतं.

दुसरा कागद, इमर्जन्सी कार्ड, ट्रेम कार्ड म्हणतात त्याला. हा फॉर्म ९ पाठवणाऱ्याने म्हणजे तुम्ही भरून ट्रान्सपोर्टरला द्यायचा आणि तो ड्रायव्हरच्या केबिनमध्ये राहायला हवा, मागे मालाच्या ताडपत्रीखाली नाही. मला विचाराल तर सगळ्या कागदांत या कार्डावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, आणि सगळ्यात निष्काळजीपणे भरलं जातं तेही हेच. विचार करा, गाडी कन्नडच्या घाटात किंवा इकडे नवापूरच्या वाटेवर कोंडाईबारीत उलटली. ड्रायव्हर जखमी आहे. गावातली पोरं मदतीला धावली, कोणीतरी विडी ओढत बॅरलजवळ आलं, कोणीतरी सांडलेल्यावर पाणी मारायला लागलं. त्या वेळी पोलीस किंवा फायर ब्रिगेडवाल्याच्या हातात फक्त ते कार्ड असतं. त्यावर लिहिलेलं असायला हवं की हे काय आहे, पेटलं तर कशाने विझवायचं, सांडलं तर माती टाकायची की वाळू, नदी-नाल्यात जाऊ नये म्हणून काय करायचं, अंगावर पडलं तर काय, आणि जाणकार माणसाचा फोन कोणता. पेटत्या ऑइलवर पाणी मारलं तर आग पसरते, ही साधी गोष्ट तिथे कोणाला माहीत नसेल तर त्या कार्डाने सांगायला हवी. आणि आपल्याकडे काय होतं, इंटरनेटवरून कुठलं तरी ॲसिडचं कार्ड उतरवायचं, नाव बदलायचं, खाली ऑफिसचा लँडलाईन नंबर टाकायचा, जो संध्याकाळी सहानंतर कोणी उचलत नाही, आणि गाड्या तर रात्रीच चालतात.

तेव्हा कार्ड मराठीत पण भरा, हिंदीत पण भरा. नंबर असा द्या जो रात्री दोनला पण लागेल. आणि गाडी निघायच्या आधी ड्रायव्हरला समोर बसवून पाच मिनिटं वाचून दाखवा, त्याला चहा पाजा आणि विचारा की बॅरल गळायला लागला तर तू काय करशील. मोटार वाहन नियमांप्रमाणे पण धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला ट्रेनिंग आणि लायसन्सवर तशी नोंद लागते, ती बघून घ्या, विचारायला लाजू नका.

आता मॅनिफेस्ट, फॉर्म १०. याच्या सात कॉप्या, सात रंग. ऐकून डोकं गरगरतं पण एकदा गाडीच्या मागोमाग चालत गेलं की सरळ आहे.

तुम्ही पाठवणारे. सातही कॉप्या तुम्ही भरता आणि सातहीवर सही करता. पांढरी बोर्डाला जाते, म्हणजे बोर्डाला कळतं की अमुक युनिटमधून अमुक माल निघाला. पिवळी तुमच्याकडे राहते, पण त्यावर आधी ट्रान्सपोर्टरची सही घ्यायची, हे विसरलं की पिवळी कॉपी म्हणजे तुम्हीच तुम्हाला लिहून दिलेलं पत्र. उरलेल्या पाच, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी आणि करडी, गाडीबरोबर जातात, आणि या पाच सही केलेल्या कॉप्या हातात मिळाल्याशिवाय ट्रान्सपोर्टरने माल उचलायचाच नाही असं नियमात स्पष्ट आहे. गाडी पोचली की तिकडचा घेणारा माल तपासतो, वजन करतो, सह्या करतो. गुलाबी तो ठेवतो. नारिंगी ट्रान्सपोर्टरला देतो, त्याचा पोच केल्याचा पुरावा. हिरवी तो त्याच्या बोर्डाला पाठवतो. निळी तुम्हाला परत येते. आणि करडी फक्त तेव्हाच लागते जेव्हा माल दुसऱ्या राज्यात गेलाय, ती तुमच्या राज्याच्या बोर्डाला येते.

आता बोर्डाच्या पोर्टलवर मॅनिफेस्ट ऑनलाइन निघतो, त्यामुळे रंगीत कागदांची गड्डी पूर्वीसारखी फिरत नाही, पण प्रत्येक कॉपीचं काम तेच आहे, म्हणून रंग लक्षात असलेले बरे, ऑफिसातली माणसं अजून ‘निळी आली का’ असंच विचारतात.

या सातांत तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची निळी. पांढरी आणि पिवळी एवढंच सांगतात की माल गेटबाहेर गेला. पोचला हे फक्त निळी सांगते. गेटबाहेर गेला आणि पोचला यांच्यामध्ये तीनशे-चारशे किलोमीटर रस्ता आहे, कारण अशा कचऱ्याच्या राज्यातल्या सामायिक सुविधा तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीच्या बाजूला, जळगावहून कुठेही जा, दिवस जातोच. त्या रस्त्यात दोन बॅरल कमी होऊ शकतात. म्हणून एक सवय लावा, गाडी गेली की कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करायची, आठ दिवसांत निळी आली नाही तर ट्रान्सपोर्टरला नाही, थेट घेणाऱ्याला फोन करायचा. तो म्हणाला आमच्याकडे अशी गाडी आलीच नाही, तर त्याच दिवशी बोर्डाला लेखी कळवायचं. आठ दिवस हा काही नियमातला आकडा नाही, माझा हिशोब आहे, दोन दिवस रस्ता, दोन दिवस तपासणी, बाकी टपाल आणि आळस.

फॉर्म भरताना कुठे चुकतं ते आता जरा सविस्तर सांगतो कारण सगळा त्रास इथेच होतो. समजा तुमच्याकडे हायड्रॉलिक ऑइलचे तीन बॅरल आहेत, प्रत्येकात २०० लिटर. लोक ‘एकूण प्रमाण’ या रकान्यात ६०० लिहून मोकळे होतात. ६०० काय? रकाना घनमीटर किंवा टन मागतो. ऑइल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरला साधारण ९०० ग्रॅम धरा, म्हणजे ६०० लिटरचे ५४० किलो, म्हणजे ०.५४ टन. तिकडे वजनकाट्यावर ५४० च्या आसपास आलं की जुळलं. तुम्ही ६०० किलो समजून लिहिलं असेल तर कागदावर ६० किलो ऑइल रस्त्यात गायब झालं, आणि उत्तर तुम्हाला द्यायचंय. शक्य असेल तर आपल्याच भागातल्या वजनकाट्यावर गाडी रिकामी आणि भरलेली दोन्ही वेळा तोला, पावती मॅनिफेस्टला टाचून ठेवा. बॅरलचं स्वतःचं वजन वजा करायला विसरू नका, रिकामा लोखंडी बॅरल पण चांगला जड असतो.

मग बाकीचे रकाने. तुमचा ऑथरायझेशन नंबर, ट्रान्सपोर्टरचा रजिस्ट्रेशन नंबर, घेणाऱ्याचा ऑथरायझेशन नंबर, हे तिन्ही वेगवेगळे आणि तिन्हींची मुदत चालू असायला हवी. गाडीचा नंबर जी गाडी प्रत्यक्ष आली तिचा, काल फोनवर सांगितलेल्या गाडीचा नाही, आयत्या वेळी गाडी बदलते आणि कागदावर जुनाच नंबर राहतो, हे वारंवार होतं. माल घट्ट, पातळ, गाळ, तेलकट, डांबरासारखा, जे असेल ते. बॅरल किती, गोण्या किती. आणि गाडीची जबाबदारी कोणाची, पाठवणाऱ्याची की घेणाऱ्याची, हे पण मॅनिफेस्टवर स्पष्ट लिहायचं असतं, ज्याने गाडी ठरवली आणि ज्याच्याकडे वाहतुकीचं ऑथरायझेशन आहे त्याची. छोट्या युनिटने ही जबाबदारी स्वतःकडे घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, घेणाऱ्या केंद्राची गाडी बोलवावी, दोन पैसे जास्त लागतील पण गाडी, ड्रायव्हर, ट्रेनिंग, सगळं त्यांचं.

खाली पाठवणाऱ्याचं प्रमाणपत्र असतं, की आतला माल वर लिहिल्याप्रमाणेच आहे, नीट पॅक केलाय, लेबल लावलंय, रस्त्याने न्यायला योग्य आहे. त्याखाली तुमची सही. ही सही कोऱ्या फॉर्मवर करून ठेवू नका. महिन्याच्या सुरुवातीला दहा कोऱ्या कागदांवर सह्या करून सुपरवायझरकडे द्यायची पद्धत आपल्याकडे चलनासाठी चालते, इथे चालवू नका.

‘दोन बॅरलसाठी गाडी कोण पाठवणार’ हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर कागदाने उत्तर मिळत नाही, शेजाऱ्यांनी मिळतं. एका गल्लीतले सात-आठ युनिटवाले एकत्र आले, केंद्राला एकच तारीख दिली, एकाच गाडीने सगळ्यांचं उचललं, तर भाडं वाटून जातं. फक्त एक लक्षात ठेवा, गाडी एक असली तरी मॅनिफेस्ट प्रत्येकाचा वेगळा. तुमचा माल शेजाऱ्याच्या मॅनिफेस्टवर घालायचा नाही, मैत्री कितीही असो, कारण मग त्याचा तक्ता जुळणार नाही आणि तुमच्याकडे निळी कॉपी येणारच नाही. आणि कोणाचं ॲसिड कोणाच्या सॉल्व्हंटशेजारी ठेवलं जातंय ते उभं राहून बघा. उद्योजकांच्या संघटनांनी हे काम हातात घ्यावं असं मनापासून वाटतं, वर्षातून दोनदा तारीख ठरवली तरी अर्धा एमआयडीसी साफ होईल.

वापरलेल्या ऑइलचं थोडं वेगळं आहे कारण त्याला किंमत येते. ते पुन्हा शुद्ध करणारे अधिकृत रिसायकलर असतात, विकायला हरकत नाही, पण त्यांच्याकडे बोर्डाने दिलेलं पासबुक असतं आणि त्या पासबुकात तुमच्या मालाची नोंद झाल्यावरच माल हवाली करायचा. घेणारा पासबुक दाखवत नसेल, ‘साहेब नंतर बघू’ म्हणत असेल, तर भाव कितीही चांगला असला तरी देऊ नका. अधिकृत रिसायकलर कधीकधी भंगारवाल्यापेक्षा कमी भाव देतो कारण त्याला प्लांट चालवायचाय, आणि भंगारवाल्याला तेच ऑइल वीटभट्टीला नाहीतर सेंटरिंगवाल्याला तसंच विकायचंय. इंजिनमध्ये झिजलेल्या धातूंचे कण, जळालेल्या तेलातली विषारी द्रव्यं, सगळं त्या धुरात आणि त्या मातीत जातं, आणि वीटभट्ट्या नदीकाठीच असतात आपल्याकडे, तापीच्या, गिरणेच्या, पांझरेच्या. ज्या नदीवर गावाची केळी आणि गावाचं पिणं चालतं तिथे हे नको.

खान्देशाला अजून एक गोष्ट लागू होते जी पुण्याच्या माणसाला सहसा लागत नाही, दोन राज्यांच्या हद्दी. नवापूरच्या उद्योगाला सुरत जवळ, रांजणगाव लांब. शिरपूर-रावेरवाल्याला मध्य प्रदेश जवळ. तर माल परराज्यात पाठवता येतो का? येतो, पण कशासाठी पाठवताय त्यावर नियम बदलतो. पुरायला किंवा जाळायला, म्हणजे शेवटच्या विल्हेवाटीसाठी पाठवत असाल तर दोन्ही राज्यांच्या बोर्डांची ना हरकत आधी लागते. रिसायकल करायला किंवा सिमेंटच्या भट्टीत वापरायला पाठवत असाल तर परवानगी लागत नाही, पण माल ट्रान्सपोर्टरच्या हाती द्यायच्या आधी दोन्ही बोर्डांना कळवावं लागतं. मध्ये तिसरं राज्य लागत असेल तर त्याच्या बोर्डाला पण कळवायचं. आणि मग ती करडी कॉपी, सातवी, जी इतर वेळी पडून असते, ती कामाला येते. ‘जवळ आहे म्हणून पाठवलं’ हे उत्तर नाक्यावर चालत नाही, मेलची प्रिंट गाडीत ठेवा.

काही वाईट घडलंच, तुमच्या शेडमध्ये किंवा रस्त्यात, तर आधी ११२, मग लगेच बोर्डाला फोन आणि मेल, आणि त्यानंतर फॉर्म ११ मध्ये सविस्तर रिपोर्ट. लपवून चार दिवसांनी सांगितलं तर अपघातापेक्षा लपवणं महागात पडतं. नियम २३ प्रमाणे पर्यावरणाचं किंवा तिसऱ्या माणसाचं नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारी कचरा ज्याचा त्याच्यावर येते. दंडाचं पण बदललंय, पूर्वी पर्यावरण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता, १ एप्रिल २०२४ पासून कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड झाला. कैद गेली म्हणून लोक खूश झाले, पण चार-पाच माणसांच्या शेडला पंधरा लाख म्हणजे काय हे सांगायला नको.

बॅटरी, जुने कॉम्प्युटर आणि दवाखान्याचा कचरा यांचे नियम वेगळे आहेत, बॅटरीचे आणि ई-कचऱ्याचे २०२२ चे, दवाखान्याचे २०१६ चे, तो माल या मॅनिफेस्टमध्ये कोंबायचा नाही.

राहिलं रजिस्टर. फॉर्म ३ म्हणजे रोजची नोंद, किती निघाला, किती साठला, किती गेला. रोज लिहायला दोन मिनिटं लागतात, वर्षाअखेरी एकदम लिहायला बसलं की आकडे मनाने टाकले जातात आणि एकाच पेनाने एकाच अक्षरात लिहिलेलं रजिस्टर तपासायला आलेल्या माणसाला लांबून ओळखू येतं. याच रजिस्टरवरून फॉर्म ४, वार्षिक विवरण, एप्रिल ते मार्चचं, ३० जूनच्या आत भरायचं. भरायच्या आधी वर्षभरातल्या सगळ्या निळ्या कॉप्या टेबलावर मांडा, त्यांची बेरीज करा, रजिस्टरमधल्या ‘गेला’च्या बेरजेशी लावा, मग कन्सेन्टमधल्या त्या तक्त्याशी लावा. तिन्ही जुळले तर भरून टाका. नाही जुळले तर कुठली निळी आली नाही ते शोधा, त्या केंद्राला मेल करा, आणि ती हातात पडेपर्यंत त्याच ट्रान्सपोर्टरची पुढची गाडी भरू नका.